ब्रेकच्या पाइपचं माप

कोल्हापूर, रविवार

प्रिय बंड्या,

पत्र मिळालं. बाइकच्या हँडलला रायझर, म्हणजे हँडल उंच करणारा तुकडा, लावल्यावर पाठ दुखायची थांबली, छान झालं. पण 'हँडल पूर्ण वळवलं की ब्रेकचा पाइप जरा ओढला जातो' हे तू ताजा कलमात लिहितोस? लेका, पत्राची सुरुवातच तिथून करायची!

आधी एक नाद सोड. भोसरीत जेसीबीचे पाइप करून देणारा तुला स्वस्तात ब्रेकचाही करून देतो म्हणालाय ना, त्याला नको म्हण. दाबाला त्याचा पाइप कमी पडणार नाही. अडचण आतल्या रबराची आहे. ते खनिज तेलासाठी केलेलं असतं आणि आपलं ब्रेक ऑइल असतं ग्लायकॉलचं. त्यात ते रबर फुगतं, मऊ पडतं आणि त्याचे कण मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे लिव्हरपाशी दाब तयार करणाऱ्या नळकांड्याच्या, बारीक भोकात जाऊन बसतात. ब्रेकसाठी बनवलेलाच पाइप घे, मग रबरी असो की आत टेफ्लॉन आणि वरून स्टीलची जाळी असलेला.

तुझी रॉयल एनफिल्ड क्लासिक २०१५ची, म्हणजे एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, मागे ड्रम. मास्टर सिलिंडरपासून पुढच्या डिस्कला चिमटणाऱ्या कॅलिपरपर्यंत एकच पाइप. मापायला याहून सोपी गाडी नाही. पण गाडीचं मॉडेल सांगून पाइप मागवू नकोस, कारण तुझं हँडल आता कंपनीचं राहिलेलं नाही.

गाडी मेन स्टँडवर घे आणि इंजिनखाली जॅक लावून पुढचं चाक अधांतरी कर. पुढचे शॉकअप पूर्ण लांब व्हायला हवेत. खड्ड्यावरून चाक सुटतं तेव्हा पाइपला सगळ्यात जास्त ताण येतो. लिव्हर तुझ्या बोटांना सोयीच्या कोनात आधीच पक्की कर, नंतर फिरवलीस तर माप बदलेल. सुतळीने मापू नकोस, ती कुठेही दुमडते आणि माप कमी भरतं. जुन्या क्लच केबलचं वरचं कवच घे, ते पाइपसारखंच वळतं. मूळ क्लिपांमधून ओवून हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरव. एकीकडे ताण नको, दुसरीकडे मडगार्डला किंवा टायरला घासणारा फुगवटा नको. पाइपच्या टोकाला बोल्ट जायचा गोल डोळा असतो, तो बँजो. माप घ्यायचं ते बँजोच्या एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत, मिलिमीटरमध्ये. वर १०-१५ मिलिमीटर सैल ठेव, बास.

लांबीइतकाच बँजोचा कोन महत्त्वाचा. वरचा सरळ की वाकडा, खालचा किती अंशांत, आणि दोघे एकमेकांच्या तुलनेत कुठल्या दिशेला, हे जुना पाइप टेबलावर ठेवून फोटोसकट कळव. पिळ पडलेला पाइप बोल्ट आवळताना आणखी पिळतो. बोल्ट १० मिलिमीटरचे असले तरी आटे १ मिलिमीटर अंतराचे आणि १.२५ मिलिमीटर अंतराचे असे दोन्ही येतात, म्हणून आधी नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बघ. मध्येच अडला तर पाना लावू नकोस. डोळ्याच्या दोन्ही अंगांना तांब्याचे नवे वायसर घाल. जुने दबलेले असतात, त्यांतून पाझर सुरू होतो.

तसाही तुझा पाइप बदलायलाच झाला होता. बऱ्याच पुस्तिकांत रबरी पाइपाचं आयुष्य चार वर्षं दिलेलं असतं. बँजोपाशी बोटांनी वाकवून बघ, केसाएवढ्या भेगा दिसतील. कधीकधी बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतलं रबर सुटून दाब परतच येऊ देत नाही. मग ब्रेक धरून राहतो आणि आपण कॅलिपरला दोष देत बसतो.

स्टीलच्या जाळीचा घेतलास तर वर प्लास्टिकचं आवरण असलेलाच घे, उघडी जाळी रंग कापत जाते. लिव्हर घट्ट लागेल, बोटाला अंदाज चांगला येईल. गाडी मात्र टायर धरेल तेवढीच थांबणार, त्यात जादू नाही.

नवा पाइप बसवल्यावर आत अडकलेली हवा काढताना सिरिंजने कॅलिपरवरच्या निपलमधून डॉट ४ (ब्रेक ऑइलची प्रत) वर चढव, बुडबुडे आपोआप वर येतात. मग लिव्हर अगदी थोडी थोडी दाब. मास्टर सिलिंडरवरच्या ऑइलच्या टाकीत मोहरीएवढे बुडबुडे फुटताना दिसतील. ते थांबेपर्यंत धीर धर. डबी नवीनच फोड. कोऱ्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ऑइल हवेतलं पाणी प्यायलं की तो १५५पर्यंत उतरू शकतो. आंबोली घाट उतरताना ब्रेक धरून ठेवलास तर ऑइल उकळून ब्रेक न लागायला तेवढा फरक पुरतो.

पेट्रोलच्या टाकीवर जुनी चादर टाक आणि बादलीभर पाणी जवळ ठेव. थेंब सांडला तर लगेच पाणी ओत, नाहीतर रंग गेलाच. मापं घेतलीस की फोटो पाठव, ऑर्डर देण्याआधी मी एकदा बघतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
आप्पा