काट्यात बसलेला ८०५१

प्रिय दिन्या,

“तुमच्या गावात बँकेचं एटीएम सोडलं तर कॉम्प्युटर आहे कुठे?” हा तुझा टोमणा वाचून हसू आलं. चिंचवडला बसून गाड्यांच्या ईसीयूचा, म्हणजे गाडीत लपलेल्या छोट्या कॉम्प्युटरचा, कोड लिहिणाऱ्या माणसानं हे विचारावं! व्हॉट्सॲपवर एवढं टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून पत्रच लिहितोय. लाईट रात्रीची आहे, उसाला पाणी रात्रीच, तेव्हा दुपार मोकळी.

विहिरीपासून सुरुवात करतो. मोटरीच्या स्टार्टरशेजारी एक डबा लावलाय, मोबाईल ऑटो. आत सिमकार्ड, रिले, तिन्ही फेज तपासणारं सर्किट आणि या सगळ्यांवर मुकादमगिरी करणारा एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा कॉम्प्युटर. घरातून फोन लावायचा, आकडा दाबायचा, मोटर चालू. एक फेज गेली की तो मोटर तोडतो. विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि मोटर कोरडी फिरायला लागली, तरी तोडतो. वर फोन करून बाईच्या आवाजात सांगतो, की मोटर बंद झाली आणि का झाली. यात कॉम्प्युटर आहे म्हटलं तर आमच्या दादाला पटत नाही. तो त्याला ‘ऑटो’ म्हणतो, विषय संपला.

शहरात बसून या डब्याची किंमत कळायची नाही. जुन्नर, संगमनेरच्या पट्ट्यात ऊस आहे तिथं बिबट्या आहे. रात्री दोनला लाईट आली की बॅटरी घेऊन बांधावरून विहिरीपर्यंत जायचं म्हणजे घरातल्या बायकांचा जीव टांगणीला. आता दादा गोधडीतूनच मोटर चालू करतो. पाणी बारे द्यायला कधी ना कधी उतरावं लागतंच, पण निदान लाईट आली का गेली हे बघायला चार चकरा होत नाहीत.

बिबट्याही या लपलेल्या चिपांतून सुटलेला नाही बरं का. २००९ मध्ये आपल्याच नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक म्हातारा बिबट्या विहिरीत पडला होता. त्याला काढून, गळ्यात जीपीएसची कॉलर घालून माळशेज घाटात सोडला. अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं ‘आजोबा’. हा गडी चालत चालत थेट मुंबईच्या संजय गांधी उद्यानापर्यंत गेला, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि वाटेत माणसाच्या वाटेला गेला नाही. पुढं २०११ मध्ये गाडीच्या धडकेत मेला, तेव्हा ओळख पटली ती कातडीखालच्या चिपवरून. या चिपला बॅटरी नसते. वाचणारं यंत्र जवळ आणलं की त्याच्याच लहरींवर ती जागी होते आणि आपला नंबर सांगते. २०२१ पासून सक्तीचा झालेला तुझ्या काचेवरचा फास्टॅगही याच जातीचा, फक्त जरा लांबून बोलणारा.

आता मार्क वायझर. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला सरांनी ज्याच्या लेखाच्या झेरॉक्स वाटल्या होत्या, तो. माणूसही झेरॉक्स कंपनीच्याच, अमेरिकेतल्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेतला संगणकशास्त्रज्ञ. १९९१ चा तो लेख परवा पुन्हा वाचला. त्याचं म्हणणं, टेबलावरचा कॉम्प्युटर माणसाला आपल्याकडे ओढून घेतो आणि जगापासून तोडतो. तेव्हा त्याचे तुकडे करून ते खोलीभर पेरा. बोटभर आकाराच्या पट्ट्या शंभरावर, वहीएवढ्या पाट्या दहा-वीस, भिंतीवर फळ्याएवढा एखाद-दुसरा. आणि ते इतके मुरू द्या की कुणाचं लक्षही जाऊ नये. दाखला त्यानं विजेच्या मोटरीचा दिला होता. आधी कारखान्यात एकच मोठं इंजिन, त्याच्या शाफ्टवर आणि पट्ट्यांवर सगळी यंत्रं. मग मोटरी लहान आणि स्वस्त झाल्या, ज्या त्या यंत्राच्या पोटात गेल्या. एका साध्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्याला २२ मोटरी सापडल्या होत्या. चालवणाऱ्याला एकही माहीत नसते. आमचा ऑटो बघून त्याला बरं वाटलं असतं. बिचारा १९९९ मध्येच गेला, अवघा ४६ वर्षांचा.

त्याच्या प्रयोगशाळेतली मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. नताली जेरेमिजेन्को नावाच्या कलावंत बाईनं तिथं छताला एक छोटी मोटर लावून आठ फूट प्लॅस्टिकची दोरी टांगली होती. मोटर जोडली थेट नेटवर्कच्या केबलला. केबलमधून माहिती गेली की दोरीला झटका. वर्दळ कमी तर दोरी क्वचित हलणार, वर्दळ वाढली की गरगर फिरणार. ना स्क्रीन, ना आकडा. जाता-येता लोकांना आपोआप कळायचं, आज नेटवर्क तुंबलंय.

हे सगळं तुला सांगायचं कारण आमची डेअरी. दूध घालायला गेलं की वजनकाट्यावर कॅन ठेवतात. काट्याच्या ताटाखाली लोडसेल, म्हणजे ॲल्युमिनियमचा एक ठोकळा आणि त्यावर चिकटवलेले स्ट्रेन गेज, ताणलं की विजेचा रोध बदलणाऱ्या पातळ पट्ट्या. वजनानं ठोकळा केसभर वाकतो, रोध बदलतो, ब्रिज सर्किटमधून तो फरक पुढं जातो आणि त्याचा आकडा होतो. मागं काटा बिघडला तेव्हा मेकॅनिकच्या खांद्यावरून मी आत डोकावलो. कोण बसलं असेल? चाळीस पायांचा, डिप्लोमाला शिकलेल्या आपल्या ८०५१ मायक्रोकंट्रोलरच्याच घराण्यातला! १९८० ची ती चिप, १२८ बाईट रॅम, चार केबी रॉम. तिच्यावर आपण सिग्नलचे दिवे लावले-विझवले म्हणून मास्तरांनी पाठ थोपटली होती. ती आता माझं दूध मोजते.

काट्यानंतर फॅटचं मशीन. कपातलं थोडं दूध आत ओढतं, त्यातून अल्ट्रासाऊंड सोडतं. वेगवेगळ्या तापमानाला दुधातून आवाज किती वेगानं जातो, त्यावरून फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, काढतं. मिनिटभरात पावती हातात. गाईच्या दुधाला फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ टक्के धरून दर बांधलेला, पॉइंट कमी लागला की लिटरमागं पैसे गेले.

आण्णांच्या वेळी गर्बरची पद्धत होती. काचेच्या नळीत १० मिली गंधकाम्ल, वर १०.७५ मिली दूध, एक मिली अमाइल अल्कोहोल. बूच मारायचं, हलवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि गरम पाण्यात ठेवायचं. स्निग्धांश वर येऊन नळीच्या बारीक मानेत उभा राहायचा, पिवळसर. सेक्रेटरी नळी उजेडाला धरायचा आणि पाच जण डोकी घालून बघायचे. “अरे चार आहे की, तीन-आठ काय वाचतोस?” “तुझे डोळे तपासून घे आधी!” भांडण व्हायचं, पण भांडायला काहीतरी समोर असायचं. ॲसिडनं हात भाजायचे, वेळ जायचा, नळ्या फुटायच्या, ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही.

पण आता माझ्या गाईची फॅट सकाळी ३.६ आणि संध्याकाळी ३.२ लागली, तर विचारू कुणाला? “मशीनच सांगतंय भाऊ,” एवढंच उत्तर. सेक्रेटरी पोरगा सरळ आहे, त्याच्यावर माझा संशय नाही. त्यालाही आतलं दिसत नाही. त्या मशीनच्या मेनूत मात्र करेक्शनची सोय असते. खऱ्या मोजणीत अमुक मिळवा किंवा वजा करा, असं कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मशीन प्रमाणाशी जुळवण्याच्या, वेळी भरून ठेवता येतं. ते नीट भरलं तर मशीन गर्बरच्या नळीशी जुळतं. चुकीचं भरलं, कळत किंवा नकळत, तर साऱ्या गावाचा दुधाचा पगार हलतो. पावतीवर त्याचा मागमूस नसतो.

वायझरला धोका दिसला नव्हता असं नाही. खोलीत शेकडो जोडलेले संगणक असले तर हुकूमशाहीला आजवर जमलं नाही ते जमेल, असं त्यानं त्याच लेखात म्हटलं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर केंब्रिजच्या ऑलिवेत्ती प्रयोगशाळेतले बिल्ले होते, इन्फ्रारेडवर माणूस कुठल्या खोलीत आहे ते सांगणारे. आमची भानगड त्यापेक्षा बारीक. इथं पाळत कुणी ठेवत नाही, इथं फक्त उत्तर मिळत नाही. विहिरीवरचा डबा मोटर का तोडली ते सांगतो, म्हणून दादाचा त्याच्यावर भरवसा बसला. डेअरीतलं मशीन तेवढंच लपलेलं, पण का म्हणून विचारायची सोय नाही. संगणक दिसत नाही याचं मला काही वाटत नाही, विचारल्यावर तो गप्प राहतो याचं वाटतं.

मी सभेत एवढंच मागितलं, की महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर गर्बरची नळी लावा आणि मशीनशी ताडून बघा. चेअरमन म्हणाले, “ॲसिड कोण हाताळणार, तुम्ही?” हो म्हणून बसलोय. हातानं फिरवायचं जुनं सेंट्रिफ्यूज डेअरीच्या माळ्यावर सापडलं, एक कप्पा वाकलाय, तो ठोकून घेईन. नळ्या मात्र एकही धड नाही. पुण्यात प्रयोगशाळेचं सामान मिळतं तिथून दूध तपासायच्या ब्युटिरोमीटरच्या सहा नळ्या बुचांसकट आण. पैसे देईन, नाही म्हणू नकोस.

आणि दुसरं काम, हे तुझ्या धंद्यातलं. पावतीवर वजन, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम एवढं छापून येतं. त्याच ओळीखाली त्या दिवशी मशीनमध्ये करेक्शन किती भरलेलं होतं तेही छापायचं ठरवलं, तर फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या प्रोग्राममध्ये, असं किती काम पडेल? मला वाटतं अर्ध्या दिवसाचं. तू म्हणशील त्यापेक्षा जास्त. मशीन बनवणाऱ्यांना पत्र लिहायचंय, तर आधी तुझ्याकडून नेमकं काय आणि कसं मागायचं ते समजून घेतो. प्रिंटर तोच ठेवायचाय, कागदाची रुंदी दोन इंच. फोनवर नको, नीट लिहून पाठव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
बाळ्या