कोर्टाची पायरी

5 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप अण्णा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

आधी मुद्द्याचं. मला अटक झालेली नाही, माझ्यावर खटला नाही आणि व्हिसाला काहीही धक्का लागलेला नाही. दादाने "सुमी कोर्टात जाऊन आली" एवढंच सांगून फोन ठेवला, हे मला वहिनीकडून कळलं. आई, गणपतीला नारळ बोलली असशील तर फोडून टाक. फोनवर अण्णांना नीट ऐकू येत नाही आणि दादा मधेमधे बोलतो, म्हणून सविस्तर लिहिते.

झालं ते असं. इथे अमेरिकेत गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, म्हणजे इथलं उजवं वळण हे आपलं डावं वळण. लाल दिवा असला तरी उजवीकडे वळू देतात, पण वळण्याआधी पूर्ण थांबायचं. पूर्ण म्हणजे चाक फिरायचं थांबलं पाहिजे. वेग कमी केला, ब्रेकवर पाय ठेवला, हे थांबणं धरत नाहीत. रात्रीचे अकरा वाजलेत, रस्त्यावर चिटपाखरू नाही, पोलीस तर नाहीच नाही, तरी माणसं रिकाम्या चौकात गाडी उभी करतात, डावीकडे बघतात, मनात एक-दोन-तीन म्हणतात आणि मग वळतात. "पण कुणासाठी थांबता?" असं मी ऑफिसातल्या एका बाईंना विचारलं, तर त्यांना प्रश्नच कळला नाही. दादाला म्हणावं, कोल्हापूर नाक्यावर असं करून बघ, मागचा ट्रक उचलून मलकापुरात नेऊन ठेवील. मी थांबले होते, असं मला अजून वाटतं. खांबावरच्या कॅमेऱ्याला तसं वाटलं नाही. दंडाची चिठ्ठी पोस्टाने घरी आली, सोबत माझ्याच गाडीचा पाठमोरा फोटो.

चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, चूक मान्य असेल तर पैसे भरा, नसेल तर अमुक तारखेला कोर्टात या. वकील लागत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आम्ही तुमच्या कोर्टातल्याच पगारावर जेवत ऐकत आलो. इथे प्लंबर, शाळामास्तर, कडेवर पोर घेतलेल्या बायका सगळे येतात. पुकारा झाला की उभं राहायचं, आपलं आपण सांगायचं. माझी चित्रफीत पडद्यावर लावली. चाक फिरत होतं. 75 डॉलर भरले आणि घरी आले. अण्णा, गुणाकार करत बसू नका.

घरबसल्या भरता आले असते. गेले ती खरं तर त्या म्हाताऱ्या जज्जसाहेबांमुळे, आत्या ज्यांचे व्हिडिओ रोज सकाळी गुड मॉर्निंगसोबत पाठवायची ते फ्रँक कॅप्रिओ. त्यांचं शहर प्रॉव्हिडन्स, ऱ्होड आयलंड राज्यातलं, आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर. आत्याने विचारलं होतं ते खरं आहे, गेले ते. 20 ऑगस्टला, वयाच्या 88व्या वर्षी, स्वादुपिंडाच्या कॅन्सरने. आदल्याच दिवशी दवाखान्यातून व्हिडिओ टाकून, प्रार्थनेत माझी आठवण ठेवा म्हणाले होते. राज्यात झेंडे अर्ध्यावर उतरवले. खून नाही, दरोडा नाही, पार्किंग आणि सिग्नलच्या दंडाची प्रकरणं बघणाऱ्या शहर कोर्टाच्या न्यायाधीशासाठी!

त्यांचा तो 96 वर्षांच्या आजोबांचा व्हिडिओ बघून तुम्ही म्हणाला होतात, "कॅमेरा नसताना काय करतो ते बघायला पाहिजे." ते आजोबा त्रेसष्ट वर्षांच्या आजारी मुलाला रक्ततपासणीला नेत होते, शाळेजवळ वेग जास्त झाला, साहेबांनी प्रकरण काढून टाकलं. तुमचं वाक्य डोक्यात राहिलं, म्हणून इथे त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं.

वडील इटलीहून आलेले, फेडरल हिल नावाच्या वस्तीत राहायचे. आधी फळांची गाडी, मग दूध टाकायचे. नळाला गरम पाणी नसलेलं घर, तीन भाऊ. फ्रँकने बूटपॉलिश केलं, भांडी घासली. दिवसा होप हायस्कूलमध्ये शिकवायचे आणि रात्री बोस्टनला जाऊन सफोक विद्यापीठात कायदा शिकायचे. 1985मध्ये न्यायाधीश झाले ते थेट जानेवारी 2023पर्यंत. आता तुम्हाला न रुचणारं सांगते. त्याआधी 1962 ते 68 ते नगरसेवक होते, आणि समुद्रकाठच्या एका हॉटेलात त्यांची भागीदारी होती. आपल्याकडे तर एवढ्यावरच बदलीचे अर्ज पडले असते. आणि कोर्टात कॅमेरा आणला तो त्यांच्याच भावाने, गावातल्या चॅनेलसाठी.

पण पुढेही ऐका. जगभरातून लोक पैसे पाठवायला लागले, तेव्हा ज्यांना खरोखरच परवडत नाही त्यांचा दंड त्यातून भरायला लागले. त्या निधीला आईचं नाव दिलं, फिलोमिना. वडिलांच्या नावाने कायद्याच्या मुलांना शिष्यवृत्ती. राज्यातल्या उच्च शिक्षणाच्या मंडळाचे अध्यक्षही होते. दंड माफ करणं सोपं, हे तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. दंड दुसऱ्याच्या खात्यातून भरणं मात्र निदान हिशेबाला धरून आहे.

एक गोष्ट ते स्वतः सांगायचे. न्यायाधीश म्हणून पहिलाच दिवस, वडील कोर्टात मागे येऊन बसलेले. एक बाई आली, पार्किंगचे बरेच दंड थकलेले, उर्मटपणे बोलली. यांनी पूर्ण रक्कम लावली आणि आपण कसे कडक, म्हणून खूश झाले. बाहेर आल्यावर वडील म्हणाले, ती उर्मट नव्हती, घाबरलेली होती. तिच्याशी बोलायला हवं होतंस. आज तिच्या पोरांना जेवायला मिळणार नाही.

हे ऐकलं आणि मला तुमचे जप्तीचे दिवस आठवले. बेलिफाचा बिल्ला काढून खुंटीला लावायचात आणि "आज भूक नाही" म्हणून माडीवर जायचात. आम्हाला वाटायचं ऊन लागलं. आई काही बोलायची नाही, ताट झाकून ठेवायची. मी कोर्टात मागच्या बाकावर बसून तेच आठवत होते, आणि नेमका तेव्हाच माझा पुकारा झाला.

असो. माझी तब्येत छान आहे. थंडी अजून सुरू झालेली नाही. स्वेटर आहेत, पाठवू नका. उद्या कोजागिरी, दूध आटवीन.

पैशाचं: 60 हजार दादाच्या खात्यावर टाकलेत. गेल्या महिन्यात कमी पाठवले ते दंडामुळे नाही, गाडीच्या विम्यामुळे. त्यातले 40 तुमच्या दुसऱ्या डोळ्यासाठी. माझ्यासाठी थांबू नका. डिसेंबरचं तिकीट काढलंय असं मी आईला म्हणाले होते, ते काढायचं राहिलंय. सुट्टी मंजूर झाली की लगेच काढते. पहिल्या डोळ्याच्या वेळीही असंच म्हणाले होते, लक्षात आहे माझ्या.

इस्लामपूरच्या मंडळींना अजून काही कळवू नका. कोर्टात मी एकटी नव्हते. सोबत आलेला मुलगा वर्ध्याचा आहे, दोन वर्षं ओळख आहे, त्या दिवशी त्याने सुट्टी काढली होती. आई पहिलं काय विचारणार ते मला माहीत आहे. आपल्यातला नाही. बाकी सगळं सांगते, पण दादा फोनवर नसताना.

आईला हे शेवटचं पान तुम्हीच वाचून दाखवा.

तुमची,
सुमी