कराडच्या वायरमन मामांना, उशिरा का होईना

मामा, सप्रेम नमस्कार.

ओळख पटावी म्हणून सांगतो: मी तो पांढऱ्या मारुती ८००वाला. १९९७ची कार्बोरेटरची गाडी, डिकीत नायलॉनच्या दोरीने बांधलेली बॅटरी. दोरी म्हटल्यावर नक्की आठवलं असेल. तुमचा नंबर ज्या फोनमध्ये होता तो फोनच गेला, म्हणून हे असं उघड्यावर लिहितोय. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी कुणी वाचून दाखवलं तर काम झालं.

त्या संध्याकाळी मी पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. कराडच्या अलीकडे चहाला थांबलो. परत बसून सेल्फ मारला तर इंजिन एकदाच कण्हलं आणि बोनेटच्या फटीतून धूर यायला लागला. उघडून बघतो तर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलचं प्लॅस्टिक वितळून खाली ओघळलेलं. तिचा विजेशी काय संबंध? मी आपला पेट्रोल कुठे गळतंय का ते हुंगत बसलो. चहावाल्याने तुम्हाला फोन लावला.

तुम्ही आलात, केबलला बोट लावून झटकन मागे घेतलंत, मग डिकी उघडायला लावलीत. दोरीवर काही बोलला नाहीत. एवढंच विचारलंत, "पावणं, करंट पुढं न्हेलाय त्ये दिसतंय. माघारी कुठनं येतोय?"

मामा, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. तेव्हा सांगायची लाज वाटली, आता सांगतो. बॅटरी डिकीत न्यायची म्हणजे लाल केबल लांब करायची, एवढाच हिशोब मी केला होता. काळी केबल डिकीतच बॉडीला आवळली, म्हटलं बॉडी लोखंडाची आहे, जाईल करंट. पण इंजिन बसतं रबरी माउंटिंगवर आणि सायलेन्सर लटकतो रबरावर. बॅटरी पुढे होती तोवर जाड काळी केबल थेट इंजिनला जोडलेली असायची. ती मी बॅटरीसोबत काढून टाकली. मग सेल्फचा शंभर-सव्वाशे अँपिअर करंट इंजिनातून बॉडीत उतरायला जी वाट मिळेल ती धरू लागला, आणि त्याला सापडली अ‍ॅक्सिलरेटरची केबल. आठवडाभर ती बिचारी हळूहळू भाजत होती आणि मी बॅटरी जुनी झाली म्हणून कुरकुरत होतो.

तुम्ही मग जे केलंत ते मी अजून लोकांना सांगतो. जंप केबलचा एक चिमटा गिअरबॉक्सच्या बोल्टला, दुसरा बॉडीच्या उघड्या पत्र्याला. बॅटरीला काहीच नाही. "मार सेल्फ." आणि गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली! तिथे उभ्या असलेल्या चहावाल्यालासुद्धा कळलं असेल की चूक कशात होती.

त्या रात्री तुम्ही इंजिन आणि बॉडीमध्ये तात्पुरती अर्थिंगची पट्टी बसवलीत आणि नवी अ‍ॅक्सिलरेटर केबल घातलीत. मारुती ८०० बंद होऊन २०१४पासून इतकी वर्षं झाली, तरी तिची केबल रात्री आठ वाजता एका दुकानात मिळते, याचं श्रेय कुणाला द्यायचं ते मला कळत नाही. पैसे तुम्ही पुरते घेतलेत, पाच रुपये सोडले नाहीत. ते मला आवडलं.

खरे आभार मानायचेत ते दुसऱ्या खेपेचे. परत येताना रविवारी दुकानात थांब, असं तुम्ही बजावलं होतंत. मला वाटलं दोन बोल्ट आवळून सोडाल. तुम्ही दिवसभर बसवून घेतलंत, आणि पाना बहुतेक वेळ माझ्याच हातात होता.

आधी मीटर. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं सेल्फच्या प्लसवर, आणि सेल्फ मारताना वाचायचं. १.३ व्होल्ट. म्हणजे बॅटरी देतेय त्यातले सव्वा-दीड व्होल्ट वाटेतच गडप. माझी केबल होती १६ स्क्वेअरची (म्हणजे तांब्याचा छेद १६ चौरस मिलिमीटर), पुढच्या बाजूला पुरली असती, पण साडेचार मीटर लांबीला नाही. शिवाय तिचे थिंबल, म्हणजे टोकांची बोल्टात अडकवायची धातूची कडी, मी हातोडीने ठोकून बसवलेले. तुम्ही ३५ स्क्वेअरची तांब्याची केबल दिलीत, थिंबल हायड्रॉलिक प्रेसने दाबून घेतलेत, आणि तेच मोजमाप आलं ०.३. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग मला पॉलिश पेपरने घासायला लावलात, पत्रा चांदीसारखा चमकेपर्यंत. वर दातेरी वायसर, आणि सगळं आवळून झाल्यावर ग्रीस.

मग फ्यूज. मला वाटत होतं की सेल्फच्या केबलला फ्यूज नसतोच. पुढे बॅटरी असते तेव्हा हातभर केबल असते, म्हणून चालून जातं. इथे जिवंत प्लस सीटखालून, पत्र्याच्या भोकांतून अख्खी गाडी पार करत होता, आणि पत्रा आहे मायनस. कुठेही कातडं सोललं तर तो वेल्डिंगचाच प्रकार. तुम्ही बॅटरीपासून वीतभर अंतरात १५० अँपिअरचा फ्यूज बसवलात. "भोकात ग्रोमेट न्हाई घातलास तर रातच्याला झोप लागंल का तुला?" हे तुमचं वाक्य, ग्रोमेट म्हणजे पत्र्याच्या भोकातली रबरी कडी. (पावण्यावरून एकेरीवर कधी आलात ते कळलं नाही, पण तेव्हा बरं वाटलं.) नंतर मी वाचलं की बीएमडब्ल्यू आपल्या डिकीतल्या बॅटरीच्या प्लस टर्मिनलमध्ये चिमूटभर स्फोटक ठेवते. अपघात झाला की ते फुटतं आणि पुढे जाणारी केबल बॅटरीपासून सुटते. तुम्हाला हे ऐकून मजा येईल म्हणून लिहिलं.

जुनी बॅटरी मात्र तुम्ही ठेवूच दिली नाहीत. ८००ची डिकी म्हणजे काही वेगळी खोली नाही, मागच्या सीटची पाठ ओलांडली की माणसांच्या डोक्याजवळच. चार्ज होताना अ‍ॅसिडच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. पोरं मागे बसतात ना, असं विचारलंत. बसतात. सीलबंद बॅटरी घेतली, झाकणाचा डबा घेतला, डब्याची नळी खालून बाहेर काढली, आणि दोरीच्या जागी लोखंडी पट्टी. दोरी तुम्ही तुमच्या सायकलच्या कॅरिअरला लावलीत, तेही आठवतंय.

तुम्ही शेवटी विचारलंत की हा सगळा खटाटोप कशापायी. मी म्हणालो, पुढचं वजन मागे नेलं की गाडी वळणावर चांगली बसते. १९५९च्या इंग्रजी मिनीतसुद्धा बॅटरी डिकीत होती, हेही ऐकवलं. तुम्ही बोटांवर मोजलंत: बॅटरी १० किलो, नवी केबल, डबा आणि पट्टी मिळून ३ किलो वाढले, गाडी साधारण ६५० किलोची. मग म्हणालात, "त्यापरीस पुढं बसणाऱ्यानं जेवण कमी करावं." बायको तेव्हापासून हे वाक्य वापरते, जेवताना, दर आठवड्याला.

वळणावर फरक पडला का? खंबाटकीत मला वाटतो. तिला वाटत नाही.

पुढच्या महिन्यात कोल्हापूरला जाताना थांबेन. अर्थिंगचे बोल्ट सहा महिन्यांनी पुन्हा आवळायचे म्हणाला होतात, ते आवळलेत. नळीचं तोंड सायलेन्सरपासून किती लांब हवं, ते विचारायचं राहून गेलं होतं. आणि फ्यूज मध्ये एकदा उडाला. डिकीत जॅकचा दांडा मोकळा टाकला होता, डब्याचं झाकण मी लावलं नव्हतं, आणि दांडा फ्यूजच्या पुढच्या टोकाला आणि पत्र्याला एकदमच टेकला. दांडा घेऊनच येतो, त्याच्यावर डाग पडलाय.

तुमचा,
दोरीवाला पावणा