लहान विद्यापीठाचे मोजमाप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठाची प्रतवारी विद्यार्थिसंख्येवरून आणि इमारतींवरून ठरवण्याची सवय आपल्याला जडली आहे. लहान विद्यापीठाचे बळ मात्र निराळ्याच ठिकाणी असते. पंधरा जणांच्या वर्गात मागच्या बाकावर लपायला जागाच नसते. कोण कशावर लिहीत आहे हे ग्रंथपालाला ठाऊक असते, त्यामुळे मागितलेल्या पुस्तकाबरोबर न मागितलेले एखादेही तो पुढे सरकवतो. कॅलिफोर्नियातील डीप स्प्रिंग्ज या १९१७ साली स्थापन झालेल्या महाविद्यालयात जेमतेम पंचवीस-तीस विद्यार्थी असतात आणि गुरे राखण्यापासून प्रवेश समितीत बसण्यापर्यंतची कामे तेच करतात. हे उदाहरण टोकाचे आहे, हे मान्य.

उणीव आहे ती विषयांच्या निवडीत. एक प्राध्यापक दीर्घ रजेवर गेला की अख्खा अभ्यासक्रम खोळंबतो. जवळच्या विद्यापीठात तो विषय शिकून मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) ग्राह्य धरणे हा त्यावरचा उपाय पुष्कळदा कागदावरच राहतो, कारण दोन्हीकडची वेळापत्रके जुळवणे हे कोणाचेच काम नसते. ते एका अधिकाऱ्याकडे लेखी सोपवावे, आणि तेही सत्र सुरू होण्यापूर्वी.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक