सागरी जीवनावरची व्याख्याने बंदरावर व्हावीत : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सागरी जीव आणि त्यांच्या संवर्धनाविषयीच्या जाहीर व्याख्यानांना मुंबईत गर्दी होते. पण ज्यांच्या जाळ्यात हे जीव रोज येतात, ती माणसे त्या गर्दीत सहसा नसतात. मागील वर्षी अशाच एका व्याख्यानाला मी गेलो होतो. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याचा तक्ता पडद्यावर होता. शेवटच्या रांगेतल्या एका कोळीणबाईंनी अंगठा आणि तर्जनी ताणून विचारले, ‘‘पापलेट एवढं चालेल, की मोठं पाहिजे?’’ वक्त्यांनी उत्तर दिले ते मिलिमीटरमध्ये, आणि इंग्रजीत. बाईंची बोटे क्षणभर तशीच ताणलेली राहिली.

माझी विनंती एवढीच आहे, की ही व्याख्याने पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात, म्हणजे १ जूननंतर, बंदरोबंदरी मराठीत व्हावीत. तेव्हा होड्या शाकारलेल्या असतात, तांडेल (होडीचे प्रमुख) आणि खलाशी जाळी दुरुस्त करीत गावातच असतात, आणि लिलावाची शेडही रिकामी असते. प्रत्येक जातीच्या किमान मापाची खूण केलेली लाकडी पट्टी तेथे हाती दिली, तर तक्त्याची गरज फारशी उरणार नाही.

हे अशक्य नाही. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले ते गावकऱ्यांना सोबत घेऊन, आणि आज पाहुण्यांना कासवांची माहिती सांगतात ती तिथलीच माणसे. जाळ्यात अडकलेले कासव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देणारी योजना राज्याने २०१८ मध्ये आणली. ज्या तांडेलाने असे कासव सोडले आहे, त्यानेच छायाचित्र कसे काढले आणि अर्ज कुठे दिला हे सांगावे. शास्त्रज्ञांनी त्याच्या शेजारी बसावे. मानधन मात्र दोघांनाही सारखे असावे.

अशा सभेत पहिला प्रश्न कदाचित कासवाचा नसेल. एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे ओढून केल्या जाणाऱ्या मासेमारीवर २०१७ पासून बंदी असताना रात्री समुद्रात उजेड कोणाचा दिसतो, असे लोक विचारतील आणि तसे विचारणे रास्तच आहे. म्हणून प्रत्येक सभेला आपल्या खात्याचा, उत्तर देण्याचा अधिकार असलेला अधिकारी हजर राहील, असा आदेश व्याख्यानांच्या वेळापत्रकासोबतच निघावा.

आपला,
किनारपट्टीवरील एक नागरिक