टॉमी डॉर्सीचा दमसास

मिरज,
रविवार सकाळ

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आधी बाबांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, मग मी एकटीने पुन्हा वाचलं. विद्यापीठाच्या बिग बँडमध्ये, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदात, तुला तिसऱ्या ट्रॉम्बोनची (नळी पुढेमागे सरकवून वाजवायच्या पितळी वाद्याची) खुर्ची मिळाली म्हणून बाबा दिवसभर गल्लीत सांगत फिरत होते. ट्रॉम्बोन म्हणजे काय हे समोरच्याला समजावून सांगताना त्यांचा उजवा हात असा काही पुढेमागे जातो की तू पाहायला हवं होतंस!

पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस ते माझ्या डोक्यातून जाईना. ‘आई, माझे सूर एकमेकांना चिकटतात तरी, नाहीतर तुटतात तरी. मधलं काही जमतच नाही. सोबत टॉमी डॉर्सी या अमेरिकन ट्रॉम्बोनवादकाची रेकॉर्डिंग्ज पाठवतेय. हा माणूस हे कसं करतो ते ऐकून सांग.’ अगं, मी गाणारी बाई. जॅझमधलं मला फार कळतं असं नाही. पण सूर, श्वास आणि दोन सुरांमधली जागा हे तर माझं रोजचं काम. त्या कानाने ऐकलं आणि चार दिवस दुसरं काही ऐकवेना.

आधी त्याची सिग्नेचर ट्यून लावली, ‘आय एम गेटिंग सेंटिमेंटल ओव्हर यू’. जॉर्ज बॅसमनची चाल, डॉर्सीने १९३५ मध्ये आपला बँड उभा केला तेव्हापासून त्याची ओळख झालेली. लय संथ. पहिल्याच ओळीत तो वर चढतो, आणि चढताना आवाज जराही मोठा होत नाही. तारसप्तकात जाताना जोर लावायचा ही नवख्या गळ्याची सवय असते. माझ्या क्लासमधल्या मुली षड्जावर पोचल्या की मानेच्या शिरा फुगतात. तुझ्या वाद्यात तर वरचा सूर काढायला ओठ आवळायला हवेत आणि हवेचा वेगही वाढवायला हवा, म्हणजे सूर फाटायची किंवा निसटायची भीती आणखी. डॉर्सी नेमका तिथेच मऊ राहतो. सुराच्या कडेला खरड नाही, सुरुवातीला धक्का नाही. त्याचा सूर लागलेला ऐकू येतो, लावताना ऐकू येत नाही.

हे किती अवघड आहे ते कळायला मला तुझं वाद्य आठवावं लागलं. सुट्टीत आली होतीस तेव्हा स्लाइड, म्हणजे ती सरकती नळी, हातात देऊन तू सगळं समजावलं होतंस. ना पडदे, ना चाव्या. सात जागा, आणि त्यांची एकही खूण दांडीवर नाही. पहिलीपासून दुसरी जागा सुमारे ८ सेंटिमीटरवर, सहावीपासून सातवी जवळजवळ ११ सेंटिमीटरवर, म्हणजे अंतरंही सारखी नाहीत. पूर्ण बाहेर ओढलेली स्लाइड एका दमात आत घेतली की सहा अर्धस्वर चढतात. बाहेरच्या टोकाला सा धरला तर आतल्या टोकाला तीव्र मध्यम. आता त्याच्या शेजारचा पंचम घे. खालच्या सप्तकात तो पुन्हा सातव्या जागेवर! गळ्याला ज्यासाठी केसभर सरकावं लागतं, तिथे तुझा हात पूर्ण लांब जायला हवा आणि त्याच क्षणी ओठांनी नळीतला पुढचा स्वयंभू स्वर (स्लाइड न हलवता नुसत्या ओठांनी निघणारा) पकडायला हवा. हात जात असताना हवा वाहती ठेवलीस तर मधल्या सगळ्या श्रुती घसरत ऐकू येतात. हवा तोडलीस तर दोन सुरांत खड्डा पडतो. तुझं ‘चिकटतात तरी, तुटतात तरी’ ते हेच.

आमच्याकडे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, कमवावी लागते. पेटीत मींड येत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दारच बंद ठेवलं होतं, इतकी आमची माणसं मींडेच्या बाबतीत हळवी. तुझ्या वाद्याला मात्र ती आयती मिळालेली आहे, आणि बँडमध्ये गंमत म्हणून ट्रॉम्बोनला घसरायला लावणारे पुष्कळ होऊन गेले. डॉर्सीचं मोठेपण मला वाटतं त्या आयत्या मींडेला आवर घालण्यात आहे. हेडफोन लावून, आवाज वाढवून, त्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐक. सुराची पूर्ण किंमत देऊन होईपर्यंत तो तिथून हलत नाही. मग एकदम हात पुढच्या जागी, आणि त्याच वेळी जिभेचा एक ‘द’. तो इतका हलका की हवा थांबत नाही, तिच्यावर फक्त एक पुसट खूण उमटते. रांगोळी काढताना चिमटीतून पडणारी धार न तोडता वळण घ्यावं, तसं. आणि सगळ्या ओळीत एखाद्याच ठिकाणी तो मुद्दाम थोडा सरकतो, जिथे चालीला ती लाडिक ओढ शोभते तिथेच. आमच्या गुरुजींना हे फार आवडलं असतं. गाण्यातली खास जागा कुठे घ्यायची यापेक्षा कुठे घ्यायची नाही यावरून ते गवयाची पारख करायचे.

आता श्वासाचं सांगते, कारण माझा जीव तिथे अडकलाय.

फ्रँक सिनात्रा १९४० च्या सुरुवातीला डॉर्सीच्या बँडमध्ये गायला आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. स्टेजवर डॉर्सीच्या मागे बसून तो त्याची पाठ निरखायचा. हा माणूस श्वास घेतो कधी? कोटसुद्धा हलायचा नाही, असं सिनात्राने पुढे स्वतः सांगून ठेवलंय. बऱ्याच दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की डॉर्सी ओठाच्या कोपऱ्यात अगदी टाचणीएवढी फट ठेवतो आणि सूर चालू असतानाच तिथून चोरून हवा आत घेतो. आठ बार (पाश्चात्त्य संगीतातले लयीचे ठरावीक तुकडे), कधी त्याहून जास्त, ओळ तुटल्याचं ऐकणाऱ्याला कळतच नाही. सिनात्राने मग पोहण्याच्या तलावात पाण्याखाली दम धरायला सुरुवात केली, धावायला लागला, आणि तीच अखंड ओळ गळ्यात आणली. १९४० च्या जुलैमध्ये या बँडचं त्याने गायलेलं एक अतिशय संथ गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. सिनात्राला लोक शब्दांचा गवई मानतात, आणि ते खरंच आहे. पण शब्द अर्थाच्या मध्येच तोडायचा नाही, वाक्य संपेपर्यंत दम पुरवायचा, हे तो एका वाजवणाऱ्याकडून शिकला. त्याला कुणी समोर बसवून शिकवलं नाही, त्याने पाठ बघून उचललं. आपल्याकडे गुरूच्या मागे तंबोरा धरून बसणारे शिष्य असेच शिकत आलेत.

मिरजेतल्या माणसाला हे ऐकून इथेच राहिलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब आठवले नाहीत तरच नवल. त्यांच्या जुन्या तबकड्यांत सूर असाच येतो, कुठून आला ते न कळता. खाँसाहेब गेले १९३७ च्या ऑक्टोबरात. त्याच वर्षीच्या जानेवारीत डॉर्सीने ‘साँग ऑफ इंडिया’ ध्वनिमुद्रित केलं होतं. तुझ्या यादीत ते आहेच. मूळ चाल रिम्स्की-कोर्साकोव्ह या रशियन संगीतकाराच्या ‘साद्को’ या ऑपेरातली. १८९८ मध्ये मॉस्कोत त्याचा पहिला प्रयोग झाला. त्यात परदेशी व्यापारी आपापल्या देशाचं वर्णन करतात आणि हिंदुस्थानचा व्यापारी आपल्याकडच्या हिऱ्यामोत्यांचं गाणं म्हणतो. आपल्या रागदारीशी त्याचा तसा संबंध नाही. पण डॉर्सी ती चाल ज्या निवांतपणे मांडतो, आणि मग बनी बेरिगनचा ट्रम्पेट जो उसळून येतो, ते जरूर मन लावून ऐक. संथपणा आधी इतका पक्का बसवलाय म्हणूनच ती उसळी अंगावर येते.

डॉर्सीच्या घरचं वाचलं तेव्हा आई म्हणून मला गलबलून आलं. जन्म १९०५ चा, पेनसिल्व्हेनियातल्या महानॉय प्लेनचा. कोळशाच्या खाणींचा मुलूख. वडील तरुणपणी खाणीत काम केलेले, पुढे संगीत शिकवणारे आणि गावातल्या बँडचे मास्तर झालेले. मुलांनी खाणीत उतरू नये म्हणून त्यांनी दोघांच्या हातात वाद्यं दिली. थोरला जिमी सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेटवर नावाजला, टॉमी आधी ट्रम्पेट वाजवून मग ट्रॉम्बोनवर स्थिरावला. ज्या गावात माणसांची छाती कोळशाच्या धुळीने भरायची, त्या गावच्या मुलाच्या दमाची गोष्ट आज मी तुला सांगतेय.

स्वभावाने मात्र भलताच तापट. १९३५ मध्ये एका गाण्याच्या लयीवरून भर कार्यक्रमात भावाशी वाजलं आणि टॉमी स्टेजवरून उतरून चालता झाला. दोघांचा पुन्हा एक बँड व्हायला १९५३ उजाडलं. बँडमधल्या माणसांनाही त्याचा जाच असायचा. कला मोठी म्हणून असल्या वागण्याला मी माफी देणार नाही, तूही कुणाची खपवून घेऊ नकोस. १९५६ मध्ये, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, तो झोपेतच गेला.

पण याच तापट माणसाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९३९ च्या जानेवारीत मेट्रोनोम मासिकाने निवडलेल्या वादकांचं एक ध्वनिमुद्रण होतं, आणि त्यात डॉर्सीबरोबर जॅक टीगार्डन हा दुसरा ट्रॉम्बोनवादकही होता. टीगार्डन टेक्सासचा, ब्लूज त्याच्या रक्तातच. तो लहानपणी वाजवायला बसला तेव्हा हात आखूड, लांबच्या जागा पोचत नसत. म्हणून जवळच्या जागांवरच ओठांनी सूर शोधायची त्याला सवय लागली आणि पुढे तीच त्याची खासियत झाली. वरच्या सप्तकात स्वयंभू स्वर दाटीने येतात, एकच सूर दोन-तीन जागांवर सापडतो, याचा त्याच्याइतका फायदा क्वचितच कुणी घेतला असेल. (हा टीगार्डन १९५८-५९ च्या आशिया दौऱ्यात भारतातही येऊन गेला.) तर त्या दिवशी डॉर्सी म्हणाला, जॅक इथे असताना मी सोलो वाजवणार नाही. शेवटी तोडगा असा निघाला की डॉर्सीने सरळ, साधी चाल वाजवायची आणि टीगार्डनने तिच्याभोवती आपलं उत्स्फूर्त वाजवायचं. ‘द ब्लूज’ या नावाने ते ध्वनिमुद्रण ऐकायला मिळतं. त्यात डॉर्सी रागातल्या मुख्य, वादी स्वरासारखा ठाम उभा आहे. दुसऱ्याचं खेळणं शोभून दिसावं म्हणून आपण साधं वाजवायचं आणि ते साधंही इतकं शुद्ध वाजवायचं! तिसऱ्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीने हे ऐकलंच पाहिजे.

आता तुझ्या रियाजाबद्दल. चाली बाजूला ठेव आणि सकाळी आधी खर्ज भर. खालचा एकच सूर, कमीत कमी आवाजात, दम संपेपर्यंत. शेवटी तो थरथरला तर तिथेच थांब, ओढू नकोस. मग शेजारचे दोन सूर घे, एकच हवा, मधे फक्त तो हलका ‘द’. हात उशिरा हलव पण झटकन हलव. तू घाबरून हात आधीच हलवत असणार, म्हणून सूर चिकटतात. लहानपणी गातानाही तू पुढच्या सुराकडे धाव घ्यायचीस. ओठाच्या कोपऱ्यातून श्वास चोरण्याचा प्रयोग इतक्यात नको, आधी पोटातून पूर्ण श्वास घ्यायची सवय पक्की होऊ दे. आणि तुमच्या सेक्शनमधल्या, म्हणजे ट्रॉम्बोनच्या रांगेतल्या, बाकीच्यांशी बोलून ठेव. लांब धरलेल्या सुरात सगळ्यांनी एकाच ठिकाणी श्वास घेतला तर भोक पडतं, तेव्हा कुणी कुठे घ्यायचा ते आपसात ठरवून कागदावर पेन्सिलीने खूण करा. शेजाऱ्यांची तक्रार असेल तर म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावून वाजव, पण आठवड्यातून एकदा तरी कॉलेजच्या मोकळ्या खोलीत जाऊन उघड्या आवाजात वाजव, नाहीतर स्वतःचा खरा आवाज कानाला ओळखीचाच राहणार नाही.

थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट पाठवलंय. बाबा म्हणतात, स्लाइडला लावायचं तेल इथूनही पाठवू का, तर त्यांना काय ते तूच समजाव.

त्या सिग्नेचर ट्यूनचे पहिले आठ बार फोनवर रेकॉर्ड करून पाठव. श्वास कुठे घेतलास ते आधी सांगू नकोस. मी ऐकून ओळखते.

तुझी,
आई