मुक्तिनाथाचं तू विचारलंस म्हणून

मार्फा, जि. मुस्तांग, नेपाळ

ती. आईस,
सा. न.

फोनवर तू एकच विचारत होतीस, मुक्तिनाथाची यात्रा मला झेपेल का? इथे रेंज धड नाही, त्यात अनिल फोन हिसकावून तुला हवामान सांगत बसतो. म्हणून लिहितेच. झेपेल. पण ती माहितीपत्रकं म्हणतात तसं दोन दिवसांत उरकायला जाऊ नकोस.

ढाक्याचं आल्यावर सांगीन. ढाकेश्वरीचं दर्शन झालं, सदरघाटावर लाँचची गर्दी पाहिली, आणि अनिलने रंगीबेरंगी सायकलरिक्षांचे इतके फोटो काढले की तुला एका दुपारी पुरणार नाहीत. त्या रिक्षाचित्रांना २०२३ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, हे त्याने मला रोज ऐकवलं.

काठमांडूपेक्षा मला शेजारचं पाटण आवडलं. चौक, त्याभोवती लाकडी कोरीव खिडक्या, मध्ये विटांची फरसबंदी. आपल्या नारायण पेठेतल्या वाड्याची सारखी आठवण येत होती. २०१५च्या भूकंपात तिथली देवळं कोसळली, तेव्हा लोकांनी कोरीव तुळया ढिगाऱ्यातून वेचून जपून ठेवल्या आणि पुढे त्यातल्याच पुष्कळशा परत बसवल्या. आपल्याकडे भूकंप न होताच वाडे गेले, आणि खांब जुन्या बाजारात. असो, बाबा असते तर मला इथेच थांबवलं असतं.

आता मुक्तिनाथ. पोखरा आठशे मीटरच्या आसपास, जोमसोम २,७००, मुक्तिनाथ साधारण ३,७००. सिंहगड १,३०० मीटर, त्यावरून अंदाज कर. वर हवा पुण्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने विरळ. गुडघ्यांपेक्षा दमाचाच प्रश्न जास्त. विमानाने सकाळी जोमसोमला उतरून त्याच दिवशी वर जाणारी मंडळी देवळाच्या पायऱ्यांवर डोकं धरून बसलेली आम्ही पाहिली. आम्ही पोखऱ्याहून बेनीमार्गे जीपने आलो, अख्खा दिवस हाडं खिळखिळी झाली, पण मार्फ्यात मुक्काम केल्याने वर त्रास झाला नाही. तुला विमानच बरं. फक्त जोमसोम-मार्फ्यात दोन रात्री राहायचं, मग वर.

विमानं सकाळीच असतात. काली गंडकीचं खोरं एका बाजूला धौलागिरी, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, दोन्ही आठ हजारांवरची. ऊन चढलं की वरचं तिबेटी पठार तापतं आणि दक्षिणेकडची हवा या फटीतून वर ओढली जाते. दुपारी नदीच्या पात्रात उभं राहवत नाही, तोंडात वाळू जाते. तेव्हा एखाद्या दिवशी विमान रद्द झालं तर चिडायचं नाही, हे आत्ताच कबूल कर.

देवळाखालच्या राणीपौवा गावापर्यंत जीप जाते. पुढे सावकाश चाललीस तर अर्धा-पाऊण तास, नाहीतर घोडा मिळतो. देवळामागे १०८ धारा आहेत, पाणी बर्फासारखं. अनिलने सगळ्यांखालून धाव घेतली. तू हाताने शिंपडून घे, पुण्य तेवढंच. पूजेला हिंदू पुजारी आणि बौद्ध भिक्षुणी दोघंही, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शेजारच्या ज्वालामाईच्या देवळात जमिनीतून येणाऱ्या वायूची ज्योत तेवते, ती वाकून बघावी लागते.

तुझा देवघरातला शाळिग्राम याच काली गंडकीतला. वाटेतल्या कागबेनी गावात दुकानांतून ढिगाने मांडलेत. फोडलेल्या दगडात चक्र दिसतं, ते अमोनाईट नावाच्या समुद्री जिवाच्या शिंपल्याचं. हिमालय वर यायच्या आधी इथे टेथिस समुद्र होता. म्हणजे तुझ्या सासूबाई रोज एका समुद्राला आंघोळ घालत होत्या! अनिल घासाघीस करायला लागला होता, मी त्याला ओढून नेलं. शाळिग्राम विकत घ्यायचा नसतो, हे तूच सांगितलंयस.

जेवणाची काळजी नको. इथल्या थकाली लोकांच्या ताटात वरण, भात, पालेभाजी, लोणचं, वर तूप. भात-वरण मागाल तितकं वाढतात. गुंद्रुक म्हणून आंबवून वाळवलेल्या पाल्याचं सार मिळतं, तुला आवडेल, अनिलला नाही आवडलं. मार्फ्याची सफरचंदं बारीक पण गोड.

तुझा पासपोर्ट संपलाय, पण विमानाला मतदार ओळखपत्र चालतं. आधार दाखवायला जाऊ नकोस. अन्नपूर्णा भागाचा परवाना लागतो, सार्क देशांच्या लोकांना कमी पैशांत. आपल्या १०० रुपयांचे इथले १६०. आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब आणि छाती तपासून घे, आणि ‘मला काही होत नाही’ हे त्यांना सांगू नकोस. सुमनमावशी येणार असेल तर आत्ताच विचार, चैत्र-वैशाखात जमवू. पावसाळ्यात या रस्त्यावर दरडी कोसळतात, तेव्हा आषाढीचा हट्ट नको.

अनिलचा नमस्कार. त्याला तुझ्यासाठी याकच्या लोकरीची शाल घ्यायची आहे. रंग कळव, नाहीतर तो भगवी आणेल.

तुझी,
माधुरी